सगळ्या घरांना एकच शब्द

आमच्या गल्लीत सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला की समजायचं, प्रेमराज आला. माणसं राहतात त्या घराची सकाळी कडी निघते. कुलूप निघतं ते बंद घराचं, आणि धुळ्यात देवपूरच्या या आमच्या गल्लीत आता बंद घरंच जास्त आहेत. मुलं पुण्याला, बंगळूरला, कॅनडात गेली. त्यांच्यामागे आईबाप गेले, काही मुलांकडे, काही देवाकडे. घरं तेवढी राहिली. 'तापी', 'मातृछाया', 'गुरुकृपा', 'श्रमसाफल्य' अशी नावं फाटकांवर आहेत आणि फाटकांना साखळ्या आहेत.

प्रेमराज तांबट या घरांचं बघतो. त्याला केअरटेकर म्हटलेलं चालत नाही. त्याला ऐकायला कमी येतं, त्यामुळे तो शब्द त्याच्या कानात 'केरटेकर' होऊन पोचतो. "केर मी काढस बाई, पन तेवढंच काढत नही," असं तो एकदा मला फार गंभीरपणे म्हणाला. मी शाळेत शिकवत होते म्हणून गल्ली मला अजून बाई म्हणते.

तो काय काय करतो ते एकदा बघण्यासारखं आहे. आधी खिडक्या उघडतो. नळ सोडतो आणि गंजाचं लाल पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत तिथेच उभा राहतो. भिंतीच्या कडेने वाळवी बघतो, मोटर क्षणभर फिरवतो, कुंड्यांना पाणी घालतो. मग पलंगावर, खुर्चीवर कुठेही न टेकता मधल्या खोलीत थोडा वेळ उभा राहतो. मी एकदा विचारलं, "उभा का राहतोस? बस की." म्हणाला, "घर बंद शे म्हणून काय मालक झाला का मी?" निघताना कुलूप लावतो आणि दोनदा ओढून बघतो.

किल्ल्यांच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. प्रत्येक घराच्या किल्ल्यांना वेगळी कापडी पिशवी, वेगळ्या रंगाची. आणि एका घरात असताना दुसऱ्या घराची किल्ली अंगावर ठेवायची नाही. बाकीच्या पिशव्या तो माझ्या ओट्यावरच्या खिळ्यांना, एकेका खिळ्याला एक, अडकवून जायचा. एक घर झालं की येऊन पिशवी बदलायची. दिवसभर त्याच्या अशा खेपा. त्यामुळे त्याचं बरंचसं आयुष्य मला माझ्या ओट्यावर बसूनच कळलेलं आहे, मी मुद्दाम चौकशी केलेली नाही.

तो सोनगीरचा. तिथल्या तांबटांच्या घरात जन्मलेला. तांब्या-पितळेची भांडी हातोडीने ठोकून ठोकून मठारायची, हे त्याच्या घरचं काम. लहानपणापासून तो ठोक्यांतच वाढला आणि तिशी ओलांडायच्या आत त्याचे कान गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. समोर उभं राहून, तोंड दाखवून, मोठ्याने बोललं तर त्याला कळतं. तो स्वतःही मोठ्यानेच बोलतो, कारण त्याला स्वतःचंही ऐकू येत नसावं. स्टीलची भांडी आली, धंदा बसला, तेव्हा तो धुळ्यात एका भांड्यांच्या दुकानात लागला. बायको सुंदरबाई. मूलबाळ झालं नाही. ती गेल्यावर तो जुन्या आग्रा रोडच्या मागे एका खोलीत राहू लागला. ती खोली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला वाटतं दुसऱ्या कुणीही पाहिली नव्हती. इतक्या घरांच्या किल्ल्या असलेल्या माणसाच्या घराची चौकशी करायचं कुणाला सुचत नाही.

पहिलं घर त्याच्याकडे आलं ते 'गुरुकृपा'. बोरसे मास्तर मुलाकडे, तेजसकडे, कॅनडात निघाले तेव्हा दुकानात कळशी घ्यायला म्हणून गेले आणि किल्लीच देऊन आले. "मी येईपर्यंत बघशील का?" म्हणाले. मास्तर आलेच नाहीत, तिकडेच वारले. प्रेमराज मात्र बघत राहिला. त्याचं बघून बाकीच्यांनी किल्ल्या दिल्या.

आता परदेशात बसलेल्या माणसाला घराची खबर हवी असते. ते फोन करायचे आणि फोनवर प्रेमराजचं काही चालायचं नाही. 'मातृछाया'च्या मुलाने एकदा विचारलं, "मोटर चालू राहिलीय का?" याला ऐकू आलं, "मोहोर आलाय का?" अंगणात आंबा आहेच. हा म्हणाला, "हो साहेब, भरपूर. यंदा जोरात." तिकडे त्याने कपाळावर हात मारून घेतला, इकडे मोटर जळली. अशा दोनचार गोष्टी झाल्यावर दिपमाला नावाच्या एका मुलीने मार्ग काढला. ती कोपऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवते. तिने प्रेमराजला वेबसाइट करून दिली. प्रत्येक घराला एक पान. याने फोनवर फोटो काढायचे आणि त्या त्या पानावर टाकायचे. मालकाने जगात कुठेही बसून बघायचे. बोलायची गरज नाही, ऐकायची गरज नाही.

पण बंद घराच्या आतले फोटो असे उघडे टाकणं म्हणजे चोराला घर दाखवणं. म्हणून प्रत्येक पानाला पासवर्ड. ज्याचं घर त्यालाच तो ठाऊक. प्रेमराजला ही कल्पना फार आवडली. पानाला कुलूप, हे त्याला लगेच समजलं. त्याने सगळ्या मालकांना निरोप पाठवला. तो निरोप लिहून झाल्यावर त्याने मला शुद्धलेखनासाठी दाखवला होता, म्हणून मला पाठ आहे: 'असा शब्द कळवा जो तुम्ही परदेशातही विसरणार नाही आणि बाहेरच्या माणसाला सुचणार नाही.'

काही दिवसांनी तो माझ्या ओट्यावर बसून हसत होता. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलेलं.

"काय झालं रे?"

"बाई, बठ्ठासनी एकच शब्द सांगा." म्हणजे सगळ्या मालकांनी त्याला एकच शब्द कळवला होता.

"कोणता?"

"कानबाई," तो म्हणाला, अर्थात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. कानबाई ही आमची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नदीवर पोचवतात. जिथे असेल तिथून खानदेशी माणूस त्या दिवशी घरी येतो, निदान पूर्वी यायचा. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा देत नाहीत. तेव्हा 'विसरणार नाही आणि बाहेरच्याला सुचणार नाही' असं म्हटल्यावर टोरांटोतल्या, पुण्यातल्या, बंगळूरच्या सगळ्यांच्या डोक्यात तेच आलं. प्रत्येकाला वाटलं, किती हुशार आहोत आपण. कॅनडात कुणाला कानबाई माहीत असणार?

"अरे, पण धुळ्यात सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले. "सगळ्या कुलपांना एकच किल्ली झाली की ही. त्यांना वेगळे शब्द द्यायला सांग."

त्याला ते ऐकू गेलं नाही की त्याने ऐकलं नाही, मला सांगता येणार नाही. तो त्या आनंदातच होता. "पोरं विसरली नहीत बाई," म्हणाला. त्याला त्या शब्दात पासवर्ड दिसत नव्हता. श्रावण आला की ही घरं धुऊनपुसून, चौरंग मांडून तयार ठेवायची ती यानेच. मालक आले की हा किल्ली देऊन निघून जायचा, कारण तो कुणाच्याच भाऊबंदांतला नाही. रोटाचा वास येत असताना फाटक ओढून घेऊन जायचा. त्यात कुणाची चूक नाही, रीत तशी आहे. आई होती तोवर सोनगीरला त्यांच्या घरीही कानबाई बसायची. एकट्या पुरुषासाठी कोण दळतं? कानाने अधू माणसाला सगळ्यांनी मिळून कानबाई सांगितली, एवढा विनोद मी मनातल्या मनात केला आणि विषय सोडला.

पहिले काही महिने मजेत गेले. वेबसाइटवर त्याला एक आकडा दिसायचा, कोणतं पान त्या दिवशी किती वेळा उघडलं गेलं त्याचा. सुरुवातीला मालक मंडळी रोज उघडायची. मग आठवड्याने. मग दिवाळीला. मग नाहीच. माणसाचं असंच असतं. घर नीट आहे एवढं कळलं की घर विसरता येतं. प्रेमराज मात्र रोजचे फोटो रोज टाकत राहिला.

"कुणी बघत नाही, मग एवढे फोटो कशाला काढतोस? आठवड्याने एकदा काढ," मी म्हटलं.

"ठरेल शे ना बाई."

"कुणाशी ठरलंय? त्यांना आठवत तरी आहे का?"

"कोनी दखस नही म्हणून घर काय बंद पडी का?" असं म्हणून त्याने पिशवी बदलली आणि गेला.

पण त्याला लागत होतं. दुपारी ओट्यावर बसून तो फोनवर ते आकडे बघायचा. पानावर पान, सगळीकडे शून्य. बघून झालं की फोन खिशात घालायचा आणि पाणी मागायचा.

मग गेल्या पावसाळ्यानंतर 'गुरुकृपा'चा आकडा हलला. एक दिवस नाही, रोज. प्रेमराज धावत आला, खिळ्यांवरच्या पिशव्या खाली पडल्या तरी त्याचं लक्ष नव्हतं. "तेजसभाऊ बघताहेत," म्हणाला. इतर काही पानंही उघडली जात होती, पण त्याला 'गुरुकृपा'चंच सांगायचं होतं. पहिलं घर ते. मास्तरांना दिलेला शब्द.

त्यानंतर त्या घराची चैन झाली. मास्तरांचं भिंतीवरचं घड्याळ त्याने दुरुस्त करून आणलं आणि किल्ली देऊन चालू केलं. झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासल्या. तांबटाचा हात तो, कड्या अशा काही झळकल्या की फोटोत डोळ्यावर येत होत्या. आणि तो फोटोंखाली लिहायला लागला. 'गोडलिंबाला नवी पालवी.' 'आज मागच्या खोलीत चिमणी आली होती, आपोआप गेली.' 'घड्याळ पाच मिनिटं पुढे जातं, मास्तरांच्या वेळेलाही जायचं.' मला दाखवायचा, मी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायचे. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा, पण इतकी वर्षं मोठ्याने ओरडून दोन वाक्यं बोलणारा माणूस इथे रोज काहीतरी सांगत होता.

शेवटी त्याला राहवेना. त्याने तेजसला निरोप पाठवला: 'भाऊ, तुम्ही रोज पान बघता, बरं वाटतं. मास्तरांनाही वाटलं असतं.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तेजसने लिहिलं होतं की त्याने ते पान वर्षभरात उघडलेलं नाही. मग रोज त्याच्या घरात कोण डोकावतंय? पासवर्ड कुणाला दिला? आठ दिवसांत सांगा, नाहीतर किल्ली परत करा, आणि बाकीच्या मालकांनाही हे कळलं पाहिजे.

प्रेमराजने तो निरोप मला वाचायला दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. किल्ली जाईल याची भीती होतीच. एकाची गेली की सगळ्यांच्या जातील. पण त्याला धक्का बसला होता तो दुसराच. इतके दिवस तो ज्याला सांगत होता तो ऐकतच नव्हता.

मी त्याला ओढत दिपमालाच्या क्लासवर नेलं. तिने कुठल्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणतं पान उघडलं ते काढून दाखवलं. सगळी पानं एकामागून एक उघडली जात होती, रोज दुपारी, जेवणं उरकायच्या वेळेला.

"सर्वांचा पासवर्ड एकच ठेवलाय तुम्ही," दिपमाला म्हणाली. "एकाला एक कळला की त्याला सगळे कळले. काका, मी सांगितलं होतं ना, वेगवेगळे घ्या म्हणून?"

"मीही सांगितलं होतं," मी म्हटलं.

प्रेमराज आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता.

"चोर असेल का?" त्याने विचारलं.

मी ती यादी पुन्हा पाहिली. वेबसाइटवर घरांची नावं अकारविल्हे लावलेली आहेत. 'गुरुकृपा' वर, 'तापी' मध्ये कुठेतरी. पण हा जो कोणी होता तो त्या क्रमाने जात नव्हता. आधी 'तापी', मग 'मातृछाया', मग 'गुरुकृपा'. गल्लीच्या तोंडापासून आत, घरं जशी आहेत तशी. म्हणजे गल्लीतलंच माणूस. आणि रोज न चुकता एक घर गाळलेलं होतं. 'श्रमसाफल्य'.

मला हसू आलं. 'श्रमसाफल्य'शी भांडण असलेलं माणूस या गल्लीत एकच होतं. शेवग्याच्या झाडाची फांदी कुणाच्या हद्दीत यावरून झालेलं भांडण, पुढे दोन्हीकडचे नवरे वारले तरी मिटलं नव्हतं.

"चोर नाही रे," मी प्रेमराजला समोर धरून सांगितलं. "हेमलता आहे."

हेमलता भामरे, 'तापी'ची. भांडी आवरली की सुपारीचं खांड तोंडात टाकून गल्लीत निघायची आणि प्रत्येक फाटकाशी उभी राहून "जेवण झालं का वं?" विचारत टोकापर्यंत जायची. आम्ही तिला दुपारची गाडी म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा मुलगा अभिमन तिला जळगावला घेऊन गेला.

मी फोन केला असता तर तिने उडवून लावलं असतं. म्हणून आम्ही दोघं जळगावची बस धरली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, प्रेमराज खिडकीबाहेर बघत होता. बसच्या खडखडाटात त्याच्याशी बोलणं शक्यच नव्हतं, आणि मला तेव्हा तेच बरं वाटलं.

जळगावात महाबळ भागात अभिमनचा फ्लॅट बराच वर आहे. अभिमन आणि ज्योती, त्याची बायको, दोघं नोकरीवर. दार उघडायला हेमलताला पुष्कळ वेळ लागला. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंत. मला बघून तिने आधी शिवी दिली, मग रडली, मग म्हणाली, "बठ. बिबडे भाजस." बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड.

"बिबडे राहू दे. तू काय चालवलंयस ते सांग."

टॅबलेट टेबलावरच होता. 'मातृछाया'चं अंगण त्यावर उघडं होतं.

"मी काय चोरी करी का?" हेमलता म्हणाली. "अभिमनने मनं घर दखाले शिकाडं. एक दिन चुकीसन बाजूनं नाव दाबाई गयं. शब्द मांगा. मी आपला तोच टाका, तर उघडी गयं. मंग मी काय करू, डोळा मिटू?"

"त्या दिवशी चुकून. रोज रोज चुकून का?"

"रोज मी चक्कर मारस. तठे मारे तशी." तिने खिडकीकडे हात केला. बाहेर आकाश होतं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या होत्या. "आठे कोनं फाटक शे? लिफ्टमां कोनी भेटस, ते मोबाइलमां दखस."

"आणि 'श्रमसाफल्य' का गाळलंस?"

"त्यासना घर मी जात नही," ती ताठ होऊन म्हणाली.

प्रेमराज इतका वेळ तिच्या ओठांकडे बघत होता. आता तो पुढे सरकला. "अक्का, मी खाली लिखस, ते?"

"वाचस ना. गोडलिंब फुटना, चिमणी उनी. मी म्हणस, हा बाबा कोनले सांगी राहिना?"

"तेजसभाऊले."

"तो दखस नही रे," हेमलता म्हणाली. तिने ते हळू म्हटलं, पण त्याला समजलं. "मी दखस. त्या न्हाणीमां नळ गळी राहिना, तीन दिनपासून फोटोमां फरशी ओली शे. तुले दिसनं नही का?"

प्रेमराजने फोटो मोठा करून पाहिला. फरशी ओली होती. मग दोघं बराच वेळ टॅबलेटवर डोकी घालून बसली. ही बोटाने दाखवायची, तो मान डोलवायचा. तिला मोठ्याने बोलायचा कंटाळा नव्हता, दिवसभर बोलायला कुणी नसल्यामुळे आवाज साठलेला होता. मी बिबडे भाजले. मध्येच तिने त्याला विचारलं, "तुनं घर कोठे शे रे? तू कोठे ऱ्हास? ते कधी दखाडं नही तू."

तो म्हणाला, "मनं काय घर, अक्का. खोली शे."

निघताना हेमलताने माझा हात धरला. "कोनले सांगू नका वं. मी काय कोनं घर लुटस? म्हातारी बाई, दखीसन गप बठस."

सोपं होतं ते. तेजसला एवढंच कळवायचं होतं की आकडा चुकीचा होता, मशीनमध्ये बिघाड झाला होता. दिपमालाने सकाळी तेच सुचवलं होतं. तिकडे कोण पडताळायला बसलंय? किल्ल्या राहिल्या असत्या, हेमलताची चक्कर राहिली असती, आणि प्रेमराजला रोज बघणारं एक माणूस राहिलं असतं. परतीच्या बसमध्ये मी स्वतः मनातल्या मनात या खोट्याच्याच बाजूची होत चालले होते.

धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर प्रेमराज म्हणाला, "बाई, एका घरात असताना दुसऱ्या घराची किल्ली मी जवळ ठेवत नाही. आणि अक्काच्या हातात बठ्ठ्या घरांच्या किल्ल्या दिल्या."

"मग?"

"मग काय. कळवतो."

त्याने सगळ्या मालकांना लिहिलं. मी एकही शब्द बदलला नाही, ऱ्हस्वदीर्घसुद्धा तसंच ठेवलं. 'चुक माझी. सर्व घरांना एकच शब्द होता. गल्लीतल्याच एका घरच्या माणसाने सर्व पाने पाहिली. काही गेलेले नाही. आजपासून प्रत्येकाला वेगळा शब्द. तो मी ठरवून एकेकाला कळवीन. ज्यांना किल्ली परत हवी त्यांनी सांगावे.' हेमलताचं नाव त्यात नव्हतं.

बहुतेकांनी अंगठा पाठवला. वाचलं तरी असेल की नाही, देव जाणे. तेजसने मात्र किल्ली मागितली. त्याचा कुणी चुलतभाऊ येऊन घेऊन गेला. प्रेमराजने त्याला न्हाणीतला नळ दाखवला, झोपाळा दाखवला, घड्याळाला किल्ली किती दिवसांनी द्यायची ते सांगितलं. चुलतभाऊ हो हो म्हणत मोबाइलमध्ये बघत होता. हिरवी पिशवी खिळ्यावरून गेली. तिचा रिकामा खिळा मात्र प्रेमराजने मला काढू दिला नाही.

हेमलताला आता फक्त 'तापी' दिसते. तिचा फोन आला तेव्हा ती माझ्यावर चिडली, प्रेमराजवर चिडली, मग म्हणाली, "एकाच फाटकाशी कितला वेळ उभं ऱ्हाऊ मी?"

त्यानंतर एक दिवस प्रेमराज भर दुपारी आला. पिशवी बदलायची वेळ नव्हती. दाराशी घुटमळत उभा राहिला.

"बाई, एक चादर द्या. चांगली."

"कशाला?"

"फोटोत दिसेल."

"कुणाच्या घरी?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मना."

त्याने दिपमालाकडून स्वतःच्या खोलीसाठी एक पान करून घेतलं होतं. वेगळा शब्द, तो एकाच माणसाला कळवलेला. कोणता शब्द ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. मी कपाटातून निळ्या फुलांची चादर काढून दिली. ती घेऊन तो ऊन आहे तोवर म्हणून घाईने गेला. इतक्या वर्षांत त्याला दिवसाउजेडी स्वतःच्या घराकडे जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्याने फोन माझ्यापुढे धरला. पानाशेजारी एक हा आकडा होता.

"बघितलं की तिने," मी म्हणाले.

"नही बाई. ते मीच उघाडं व्हतं. चालस का नही ते दखाले."

त्याने पाणी मागितलं, प्यायला, पिवळी पिशवी घेतली आणि 'मातृछाया'कडे गेला. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग खिडक्यांचा.

जेवणं उरकायच्या वेळेला माझा फोन वाजला. हेमलता होती. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"ती निळी चादर तुनी शे," ती म्हणाली. "मी वळखी. दिवाळीले आपण दोन्हींनी संगेच लिन्ही व्हती. त्याले सांग, माले तुनी चादर दखनी नही. त्यानी गोधडी कोठे लपाडी ठेवी, ती दखाडाले सांग."

मी चपला घातल्या आणि 'मातृछाया'च्या फाटकाशी गेले. प्रेमराज नळाखाली हात धरून पाणी स्वच्छ व्हायची वाट बघत होता, माझ्याकडे पाठ करून. हाक मारून उपयोग नव्हता. मी आत जाऊन त्याच्या समोर उभी राहिले आणि त्याला दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

नळ तसाच सोडून तो खिशातला रुमाल शोधायला लागला. पाणी मघाशीच स्वच्छ झालं होतं. मीच बंद केलं.